‘विशेष काही नाही’ या नोंदीबद्दल मेंदूविकारतज्ज्ञांना आणि रुग्णालयांना खुले पत्र

प्रति,
मेंदूविकारतज्ज्ञ, मेंदूचे शल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट, त्यांच्या संघटना आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक यांस

विषय: मेंदूतील ॲन्युरिझमच्या (रक्तवाहिनीला येणाऱ्या फुग्याच्या) रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना माहिती देणे आणि त्यांची तपासणी करणे याबाबत

सन्माननीय डॉक्टर,

हे पत्र लिहिताना माझ्यासमोर माझ्या मोठ्या बहिणीचे डिस्चार्ज कार्ड आहे. २०२१ साली, वयाच्या ४६व्या वर्षी, मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटून तिला रक्तस्राव झाला आणि ती ३१ दिवस रुग्णालयात होती. रक्तस्राव कधी झाला, फुगा कोणत्या रक्तवाहिनीवर आणि किती मिलिमीटरचा होता, तो बंद करण्यासाठी त्यात किती कॉइल (धातूच्या बारीक तारांची वेटोळी) बसवल्या, कोणते औषध कोणत्या दिवशी थांबवले, हे सारे त्या कार्डावर तारीखवार आणि नीट लिहिलेले आहे. पहिल्या पानावर ‘कौटुंबिक इतिहास’ असा एक चौकोन आहे. त्यात तीन शब्द टंकलेले आहेत: ‘विशेष काही नाही’.

आमची आई २००९ साली, वयाच्या ५४व्या वर्षी, याच आजाराने गेली.

ही नोंद दुरुस्त करावी आणि आम्ही भावंडांनी व बहिणीच्या मुलीने आता काय करायचे ते लेखी कळवावे, असा अर्ज मी त्या रुग्णालयाकडे केला होता. दोन महिन्यांनी उत्तर आले. रुग्णाला दाखल करताना सोबतच्या व्यक्तीने दिलेल्या माहितीवरून अशी नोंद होते आणि रुग्णाच्या नातेवाइकांना सल्ला देणे रुग्णालयाच्या कार्यकक्षेत येत नाही, असे त्यात म्हटले होते. त्या रुग्णालयाचे नाव मी घेत नाही. तिथल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी माझ्या बहिणीचा जीव वाचवला आहे, त्याबद्दलची कृतज्ञता मी जन्मभर बाळगेन. शिवाय मी ज्या ज्या रुग्णकुटुंबांशी बोलले, त्यांपैकी बहुतेकांचा अनुभव आमच्याहून वेगळा नाही. म्हणून हे पत्र कोणा एकाला न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे.

आईच्या मृत्यूच्या दहा दिवस आधी तिचे डोके अचानक असे दुखले होते की ती भिंतीला धरून खाली बसली. तासाभरात ते ओसरले. अर्धशिशी समजून तिला वेदनाशामक गोळी देण्यात आली. क्षणार्धात टोकाला पोहोचणारी, आजवर कधीच न अनुभवलेली अशी डोकेदुखी ही मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ सूचना असू शकते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. दुसऱ्यांदा ती कोसळली ती शुद्धीवर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी भावाने कागदांवर सह्या केल्या, आम्ही तिला घरी आणले आणि पुन्हा त्या इमारतीत पाऊल ठेवले नाही, कारण तिथे जाण्याचे काही कारणच उरले नव्हते. हे मी मुद्दाम सांगते आहे. जो रुग्ण वाचतो, त्याला पुढच्या भेटीची तारीख मिळते आणि त्या भेटीत कोणीतरी कधीतरी घरच्यांबद्दल विचारण्याची निदान शक्यता असते. जो रुग्ण दगावतो, त्याच्या घरच्यांना कोणतीच तारीख मिळत नाही. फुगा फुटलेल्या रुग्णांपैकी एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक जण दगावतात, काही जण तर रुग्णालयात पोहोचण्याआधीच. म्हणजे ज्या कुटुंबांना या आजाराची सर्वांत मोठी झळ बसली, त्यांच्याशीच आपला संपर्क सर्वांत आधी तुटतो.

ताईला रक्तदाब होता. गोळी ती आठवण झाली तर घ्यायची. आईला जे झाले त्याचा आपल्याशी काही संबंध असू शकतो, असे तिला त्या बारा वर्षांत कोणीही सांगितले नाही. सांगितले असते तर हे टळले असते, असा दावा मी करणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण रोजची गोळी न चुकवण्याचे एक सबळ कारण तिच्या हाती असायला हवे होते आणि ते नव्हते, एवढे मी खात्रीने म्हणू शकते. आज ती हिंडते-फिरते, पण शब्द तिला सापडत नाहीत. परवा तिला चष्मा हवा होता. डोळ्यांपाशी दोन बोटे नेत ती ‘ते… बघायचं… माझं बघायचं’ असे म्हणत राहिली आणि मी शब्द सुचवू नये म्हणून दुसरा हात वर करून मला थांबवत राहिली. मिनिटभराने ‘चष्मा’ म्हणाली आणि दमून खुर्चीत बसली.

ती घरी आल्यावर मी स्वतःसाठी डॉक्टरांकडे गेले. पहिल्या डॉक्टरांनी सांगितले की लक्षणे नसताना तपासणी कशाला, उगाच मनात भीती घालून घेऊ नका. दुसऱ्यांनी त्याच दिवशी डोक्याचा साधा सीटी स्कॅन करायला लावला आणि ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगून घरी पाठवले. तो कागद मी तीन महिने निर्धास्तपणे कपाटात ठेवला होता. साध्या सीटी स्कॅनमध्ये ताजा रक्तस्राव दिसतो, पण न फुटलेला लहान फुगा सहसा दिसत नाही. त्यासाठी रक्तवाहिन्या दाखवणारी एमआर अँजिओग्राफी किंवा सीटी अँजिओग्राफी लागते, हे मला तिसऱ्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. एमआर अँजिओग्राफी किरणोत्साराशिवाय आणि बहुतेक वेळा शिरेतून औषध न टोचताही होते, तेव्हा सुरुवात तिच्यापासून करू, असेही त्यांनीच सांगितले. तपासणीत माझ्या मेंदूतील मधल्या रक्तवाहिनीच्या फाट्यावर ३ मिलिमीटरचा फुगा निघाला. त्याच्यावर आज काही करण्याची गरज नाही, ठरावीक काळाने तो पुन्हा पाहायचा, असे ठरले आहे. ज्या प्रश्नावर तीन तज्ज्ञांनी तीन उत्तरे दिली, तो काही दुर्मीळ किंवा वादाच्या टोकाचा प्रश्न नव्हता. दोन सख्ख्या नातेवाइकांना हा आजार झालेल्या व्यक्तीने काय करावे, याचे उत्तर आपल्याच शास्त्रात लिहिलेले आहे.

माझी मागणी सरसकट सर्वांच्या स्कॅनची आहे, असा गैरसमज होऊ नये म्हणून ते शास्त्र मला कसे समजले, ते इथे मांडते. सुमारे ३ टक्के प्रौढांच्या मेंदूत असा फुगा असतो आणि त्यांतील बहुतेकांचा तो आयुष्यभर फुटत नाही. सापडलेला प्रत्येक फुगा बंद करणे शहाणपणाचे नाही, कारण कवटी उघडून क्लिप लावणे असो की मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन कॉइल भरणे असो, दोन्ही उपचारांत पक्षाघातापासून मृत्यूपर्यंतचे धोके आहेत. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचला. घरात एकालाच रक्तस्राव झालेला आहे अशा रुग्णांच्या ६२६ सख्ख्या नातेवाइकांची त्यात एमआर अँजिओग्राफी केली होती. २५ जणांत, म्हणजे ४ टक्के लोकांत फुगे सापडले आणि त्यांपैकी १८ जणांवर शस्त्रक्रिया झाली. आयुष्यभरात एक रक्तस्राव टाळण्यासाठी १४९ नातेवाइकांना तपासावे लागेल आणि शस्त्रक्रियेनंतर आलेल्या अपंगत्वाच्या मानाने वाढलेले आयुष्य फारच थोडे आहे, असा हिशेब मांडून संशोधकांनी अशा कुटुंबांच्या सरसकट तपासणीची शिफारस केली नाही. पहिल्यांदा वाचताना मला त्या लेखाचा राग आला होता. आज मला तो निष्कर्ष प्रामाणिक वाटतो. २००९ साली आई गेली तेव्हा, या हिशेबानुसार, आमची तपासणी झाली नाही ही चूक नव्हती, हे मान्य करणे मला सोपे गेलेले नाही.

परंतु घरात दोघांना हा आजार झाला की सगळे चित्र पालटते. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, कुटुंबातील दोन किंवा अधिक जणांना ॲन्युरिझम किंवा त्यामुळे रक्तस्राव झालेला असेल, तर अशा कुटुंबातील व्यक्तीपुढे सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीचा पर्याय ठेवला पाहिजे. नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथे अशाच कुटुंबांतील ४५८ जणांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पहिल्याच तपासणीत ११ टक्के लोकांत फुगे सापडले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की साधारण पाच वर्षांनी झालेल्या दुसऱ्या तपासणीत आणखी ८ टक्के आणि तिसऱ्या तपासणीत ५ टक्के लोकांत ते आढळले. एकदा स्कॅन स्वच्छ आला म्हणजे जन्मभराची चिंता मिटली, असे या कुटुंबांना सांगणे म्हणूनच चुकीचे आहे आणि तसे सांगितले गेलेली माणसे मला भेटली आहेत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही, की आपण विचारत नाही. ताईला दाखल केले त्या रात्री तिच्यासोबत तिचे पती होते. त्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, ॲलर्जी हे छापील तक्त्यातले प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी उत्तरे दिली. ‘त्यांच्या माहेरी मेंदूतील रक्तस्रावाने कोणी गेले आहे का’, हा प्रश्न त्या तक्त्यात नव्हता. त्या रात्री तो विचारला असता तरी घाबरलेल्या माणसाला सासूच्या आजाराचे नेमके नाव आठवले नसते, हेही खरे. पण पुढचे ३० दिवस आम्ही रोज तिथेच होतो. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर आम्ही दोघे भावंडे आलटून पालटून बसत होतो आणि ज्या आजारासाठी आत उपचार चालले होते, तो आमच्याही डोक्यात असू शकतो, ही गोष्ट एकाही फेरीत कोणाच्या तोंडून निघाली नाही. ज्यांना ‘ब्रेन हॅमरेज’ हा एकच शब्द माहीत असतो, त्या घरच्यांकडून ‘तो फुगा फुटून झालेला होता की रक्तदाबाने झालेला’ हे काढून घेणे, जुने कागद मागवणे, हे काम वेळ घेणारे आहे. तरीही ते तज्ज्ञाचेच काम आहे, नातेवाइकाचे नाही.

दुसरी तक्रार अशी, की तपासणी करायची की नाही यावर वाद असू शकतो, पण सांगायचे की नाही यावर तो असू शकत नाही. धूम्रपान आणि वाढलेला रक्तदाब हे फुगा तयार होण्याचे आणि फुटण्याचे धोके आहेत आणि ते माणसाच्या हातातले आहेत. हे सांगायला स्कॅन लागत नाही. माझ्या धाकट्या भावाने, सगळे समजून घेतल्यावर, तपासणी करून घ्यायला नकार दिला. डोक्यात काहीतरी आहे हे कळून रोज जगणे त्याला जमणार नाही, असे तो म्हणतो आणि मी त्याच्या निर्णयाचा मान राखते. मात्र त्याच आठवड्यात त्याने वीस वर्षांची सिगारेट सोडली. ही माहिती आम्हाला २००९ साली मिळाली असती तर त्यातली बारा वर्षे वाचली असती.

तिसरी तक्रार तपासणी होते त्या पद्धतीची आहे. मला स्कॅनची चिठ्ठी दोन मिनिटांत मिळाली; फुगा सापडला तर पुढे काय, याविषयी आधी एक शब्दही झाला नाही. लहान फुगा सापडणे म्हणजे काय ते मी आता जाणते. जरा डोके दुखले की मी घड्याळ पाहते. जड वस्तू उचलताना हात थबकतो. विम्याच्या अर्जात आता एक रकाना मला भरावा लागतो, जो आधी कोरा होता. हे सगळे माहीत असते तरीही मी तपासणी केलीच असती, पण ती निवड डोळे उघडे ठेवून केलेली असती. त्यातच, फुगा फुटण्याचा धोका मोजण्यासाठी आपण वापरता त्या ‘फेझेस’ गुणांकात लोकसमूह, रक्तदाब, वय, फुग्याचा आकार, आधीचा रक्तस्राव आणि फुग्याची जागा हे सहा मुद्दे आहेत. कौटुंबिक इतिहास नाही. मग आमच्यासारख्या घरातल्या माणसाला तो आकडा सांगताना ही मर्यादा सोबत सांगितली जावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

या आधारावर माझ्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते.

फुगा फुटून दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या आईवडील, भावंडे आणि मुले यांचा इतिहास दोनदा विचारला जावा: एकदा दाखल करताना आणि पुन्हा रुग्ण स्थिरावल्यावर, रक्ताच्या नातेवाइकाला समोर बसवून. अनेक गाठी असलेल्या मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार घरात आहे का, हेही त्याच वेळी विचारले जावे, कारण त्या आजारात असे फुगे अधिक प्रमाणात आढळतात. विचारले नसेल तर चौकोनात ‘विचारले नाही’ असे लिहावे. ‘विशेष काही नाही’ हे उत्तर आहे आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणी लिहू नये.

रुग्ण घरी जाताना, आणि रुग्ण दगावला असेल तर काही आठवड्यांनी, कुटुंबाला त्यांना समजेल अशा भाषेत एक पानाचे पत्र दिले जावे. आजाराचे नेमके नाव, सख्ख्या नातेवाइकांना असलेला धोका, रक्तदाब व धूम्रपान यांबाबतचा सल्ला, अचानक उठणाऱ्या भयंकर डोकेदुखीत विनाविलंब कुठे धाव घ्यायची आणि तिथे ‘आमच्या घरात हा आजार आहे’ हे सांगायचे, एवढे त्यात असले तरी पुरे. मृत्यूनंतरच्या पत्राचा मी विशेष आग्रह धरते. आमच्या आईच्या कागदांत ते असते, तर ताईच्या कार्डावरचा चौकोन कोरा किंवा खोटा राहिला नसता.

दोन किंवा अधिक सख्ख्या नातेवाइकांना हा आजार झालेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीपुढे एमआर अँजिओग्राफीचा पर्याय आपण होऊन ठेवला जावा. तिच्याआधी सविस्तर बोलणे व्हावे, त्यात फुगा सापडण्याचे आणि न सापडण्याचे दोन्ही परिणाम सांगितले जावेत आणि ‘मला जाणून घ्यायचे नाही’ म्हणणाऱ्याचा अधिकार जपला जावा. स्कॅन स्वच्छ आला तर पुन्हा केव्हा करायचा, हे लेखी द्यावे. फुगा सापडला तर निर्णय एकट्या शस्त्रक्रिया करणाऱ्याने न घेता, क्लिप लावणारे, कॉइल भरणारे आणि केवळ औषधाने सांभाळणारे यांनी एकत्र बसून घ्यावा. घरात एकच रुग्ण असेल आणि स्कॅनची गरज नसेल, तर ‘गरज नाही’ एवढ्यावर बोळवण न करता का नाही ते समजावून सांगावे. मला १९९९च्या त्या अभ्यासाचा अर्थ कळू शकतो, तर तो कोणालाही कळू शकतो. समजावणारा मात्र हवा.

शेवटची मागणी संघटनांकडे आहे. माझी भाची आता १९ वर्षांची आहे. तिची आई रुग्ण आहे, आजी याच आजाराने गेली आणि मावशीच्या डोक्यात न फुटलेला फुगा आहे. सख्खी रुग्ण एकच असल्याने तिला दोन सख्ख्या नातेवाइकांच्या नियमात बसवावे की न बसवावे, यावर मला पुन्हा दोन डॉक्टरांकडून दोन उत्तरे मिळाली आहेत. अशा सीमेवरच्या घरांसाठी आपण एकत्र येऊन एक मार्गदर्शन तयार करावे आणि ते लोकांना वाचता येईल असे प्रसिद्ध करावे.

तिने एका कागदावर स्वतःच्या अक्षरात तीन प्रश्न लिहून दिले आहेत: कोणत्या वयापासून, कोणती तपासणी, किती वर्षांनी पुन्हा. तो कागद या पत्रासोबत जोडला आहे. त्याचे उत्तर मला न देता तिच्या नावाने द्यावे. ती सज्ञान आहे.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची मुलगी आणि दुसऱ्या रुग्णाची बहीण